मसाल्यावर विकिरण प्रक्रिया करावी का, आणि केल्यास गिऱ्हाइकाला सांगावे का?

ताई, आपला प्रश्न मला समजला तो असा. कोल्हापूर भागातला आपला महिला बचत गट कांदा-लसूण मसाला तयार करतो. जर्मनीतल्या मराठी कुटुंबांपर्यंत तो पोहोचवू पाहणाऱ्या एका निर्यातदाराने अट घातली आहे की प्रत्येक लॉटवर विकिरण प्रक्रिया, म्हणजे जंतू मारण्यासाठी किरणांचा मारा, करून घ्यावी. पाकिटावर मात्र तसे छापू नये, कारण ‘रेडिएशन’ वाचले की गिऱ्हाईक बिचकते, असे त्याचे म्हणणे आहे. गटातल्या काही जणींना ही फसवणूक वाटते, तर काहींना साधा व्यवहार. त्यातच हैदराबादला कुपोषित मुलांना असे धान्य खाऊ घातल्याने त्यांच्या रक्तात बदल झाले, असा मजकूर मोबाइलवर फिरतो आहे. तेव्हा हे करणे नैतिकदृष्ट्या योग्य आहे का, असे आपण विचारले आहे.

मी मसाले आणि सुकवलेल्या भाज्या यांच्या सूक्ष्मजीव तपासणीत बराच काळ काम केले आहे, त्यामुळे या प्रक्रियेकडे मी प्रयोगशाळेच्या टेबलावरून पाहतो. आपल्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि ते वेगळे केल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. प्रक्रियेने अन्न घातक होते का, हा विज्ञानाचा प्रश्न झाला. ती कशासाठी वापरली जाते आणि कोणापासून लपवली जाते, हा नीतीचा. लोक वाद घालतात तो बहुधा पहिल्यावर, आणि अडचण असते ती दुसऱ्यात.

पहिल्याचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. आपल्याकडच्या बहुतेक केंद्रांत कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ वापरतात. त्यातून निघणाऱ्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, आणि अन्नातल्या अणूंना किरणोत्सारी बनवायला ती पुरत नाही. मसाल्याचा खोका किरणांसमोरून जातो. कोबाल्टचा स्पर्श त्याला कधीच होत नाही. मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात, म्हणजे एका किलो पदार्थाने शोषलेली एक जूल ऊर्जा. दहा किलोग्रे, म्हणजे दहा हजार ग्रे, ही मसाल्यांसाठी भरपूर मात्रा झाली, पण तेवढ्या ऊर्जेने एक किलो पाणी जेमतेम अडीच अंशांनी तापेल. म्हणजे मसाला शिजत नाही, भाजला जात नाही. जंतूंच्या डीएनएचे तुकडे होतात आणि त्यांची वाढ थांबते. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९८० मध्ये दहा किलोग्रेपर्यंतच्या मात्रेने विषबाधेचा धोका उद्भवत नाही असा निष्कर्ष काढला. भारताने १९९४ मध्ये कांदा, बटाटा आणि मसाले यांना देशांतर्गत विक्रीसाठी परवानगी दिली. वाशीचे मसाल्यांसाठीचे केंद्र २००० पासून आणि लासलगावचे केंद्र २००२ पासून आहे.

हैदराबादची गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी १९७५ मध्ये तीव्र कुपोषित मुलांचे पाच-पाच जणांचे गट करून त्यांतल्या एका गटातल्या मुलांना ताजा विकिरित गहू खाऊ घातला आणि त्यांच्या रक्तात गुणसूत्रांची संख्या वाढलेल्या पेशी आढळल्याचे प्रसिद्ध केले. इतक्या लहान गटांवरून निष्कर्ष काढता येतो का, आणि तुलनेच्या गटात अशी एकही पेशी कशी सापडली नाही, यावर पुढे कडक टीका झाली. केंद्र शासनाने नेमलेल्या समितीने, जिच्यात संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे होते, त्या निष्कर्षांना पुरेसा आधार नसल्याचे म्हटले. नंतर चीनमध्ये बऱ्याच मोठ्या संख्येने प्रौढ स्वयंसेवकांना विकिरित अन्न देऊन झालेल्या अभ्यासांतही असा परिणाम दिसला नाही. माझ्या मते त्या प्रयोगाचा नैतिक दोष निष्कर्षात नसून त्याच्या रचनेत आहे. ज्या प्रक्रियेबद्दल शंका आहे तिची चाचणी उपासमारीने खंगलेल्या, नाही म्हणू न शकणाऱ्या मुलांवर घेतली गेली, याबद्दल आजही फारसे बोलले जात नाही. विकिरणाच्या बाजूने बोलणारे ‘निष्कर्ष चुकीचे होते’ एवढे सांगून पुढे जातात, आणि विरोधात बोलणारे त्या मुलांचा उपयोग केवळ भीतीसाठी करतात.

उलट बाजूची एक घटनाही सांगायला हवी, नाहीतर माझे उत्तर जाहिरातीसारखे होईल. ऑस्ट्रेलियात २००८-०९ मध्ये आयात केलेले, अतिशय उच्च मात्रेचे विकिरण झालेले कोरडे खाद्य खाऊन अनेक मांजरांच्या मज्जासंस्थेला इजा झाली, त्यांचे मागचे पाय लुळे पडले. त्या देशाने २००९ मध्ये मांजरांच्या खाद्यावरचे विकिरण थांबवले. ती मांजरे दिवसेंदिवस तेच एक खाद्य खात होती आणि मात्रा मसाल्यांच्या कितीतरी पट होती, हे खरे. तरीही ‘कोणत्याही मात्रेला, कोणत्याही पदार्थात, काहीही होत नाही’ असे विधान कोणी केले तर ते मान्य करू नये. काही जीवनसत्त्वे घटतात, विशेषतः बी-१ आणि ई. स्निग्ध पदार्थांत काही नवी संयुगे अल्प प्रमाणात तयार होतात. भाजीत चमचाभर पडणाऱ्या मसाल्याबाबत याला फारसे महत्त्व नाही. बाळाच्या एकमेव आहाराबाबत असते तर मी वेगळे उत्तर दिले असते.

स्निग्ध पदार्थांचा विषय निघालाच आहे तर आपल्या मसाल्याकडे येतो, कारण निर्यातदाराने बहुधा हे सांगितलेले नाही. कांदा-लसूण मसाल्यात सुके खोबरे असते, तीळ असतात, आणि कांदा तेलात तळलेला असतो. तयार मसाल्यावर सहा-आठ किलोग्रे मात्रा पडली की या तेलाचे ऑक्सिडीकरण वेगाने सुरू होते आणि डबा उघडताच खवट वास येऊ लागतो. पहिल्या आठवड्यात तो कळतही नाही. जहाजाने माल पोहोचेपर्यंत कळतो. म्हणून तयार मसाला केंद्रात पाठवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. प्रक्रिया करायचीच असेल तर मिरची, धने, जिरे, मिरी या कोरड्या, तुलनेने कमी तेलाच्या जिनसांवर करावी. खोबरे, तीळ, कांदा आणि लसूण हे आपण भाजता-तळताच. तेथे उष्णता जंतूंचे काम करते. मग दोन्ही एकत्र करताना कुटायचा डंक, चाळणी, पाट्या आणि हात स्वच्छ असायला हवेत, कारण विकिरणाचा परिणाम पुढे टिकून राहत नाही. प्रक्रिया झालेली मिरची कालच्या धुळीच्या चाळणीतून गाळली की ती पुन्हा जिथे होती तिथे येते.

आता मिरचीत जंतू येतात कुठून, हे पाहिले की नीतीचा प्रश्न आपोआप समोर येतो. मिरची खळ्यावर किंवा रस्त्याकडेला पसरून वाळवतात. तिच्यावरून कोंबड्या, कुत्री, शेळ्या फिरतात, पाखरांची विष्ठा पडते, रात्रीच्या दवाने ती पुन्हा ओलसर होते. जुलाब-ताप आणणारा साल्मोनेला हा जंतू येतो तो इथून. कोरड्या मिरचीत तो वाढत नाही, पण महिनोन्‌महिने जिवंत राहतो. जर्मनीतच १९९३ मध्ये पॅप्रिका मिरचीचा मसाला लावलेल्या बटाट्याच्या वेफर्समधून साल्मोनेलाची मोठी साथ पसरली आणि आजारी पडलेल्यांत लहान मुले बहुसंख्य होती. आपल्याकडेही मसाला नेहमी शिजतोच असे नाही. ताकावर जिरेपूड, कैरीच्या फोडीवर तिखट, भाकरीवर कोरडा कांदा-लसूण मसाला आणि वर कच्चे तेल, हे सगळे कच्चेच खाल्ले जाते. म्हणून ‘विकिरण न करणे’ हा आपोआप पवित्र ठरणारा पर्याय नाही. आजारी, गरोदर किंवा म्हाताऱ्या माणसाच्या ताटात साल्मोनेला जाऊ देण्याचीही जबाबदारी कोणाची तरी असते.

पर्यायांचेही बघा. इथिलीन ऑक्साइड वायूची धुरी स्वस्त पडते, पण तो वायू माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे आणि युरोपीय संघात अन्नासाठी त्याला बंदी आहे. २०२० मध्ये भारतातून गेलेल्या तिळात त्याचे अवशेष सापडल्याने युरोपात असंख्य उत्पादने बाजारातून परत घ्यावी लागली. वाफेची प्रक्रिया चांगली आहे, मात्र यंत्रणा महाग आहे आणि सुगंधी तेल काही प्रमाणात उडते, रंग थोडा उतरतो. बचत गटाच्या आवाक्यात यातले काय बसते हे गावापासून केंद्राचे अंतर, लॉटचा आकार आणि केंद्र किमान किती माल घेते यावर ठरेल. इथे बसून मी ते सांगू शकत नाही.

मला नैतिकदृष्ट्या सर्वांत जास्त खटकते ती वेगळी गोष्ट आहे. एकदा एका व्यापाऱ्याचा मिरचीचा लॉट तपासणीला आला होता. गोणी फोडल्यावर वरचा थर लालभडक होता, हात कोपरापर्यंत आत घातल्यावर फटकी, म्हणजे रंग उडालेली, मिरची लागली, आणि देठाशी चिमटीत धरून फोडली की आत बियांवर करडी-हिरवी बुरशी दिसत होती. कोंदट वास खोलीभर झाला. त्याचे म्हणणे होते की मी रेडिएशन मारून आणतो, मग नमुना घ्या, शून्य येईल. तसेच झाले. जंतूंची संख्या जवळजवळ नाहीशी झाली होती आणि अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष जेवढे होते तेवढेच राहिले होते. बुरशी मेली होती, तिने सोडलेले विष मेले नव्हते, कारण ते जिवंत नसतेच. लॉट नाकारला गेला. पण फक्त जंतूंची तपासणी मागणारा खरेदीदार असता तर तोच माल कागदावर अव्वल ठरला असता.

विकिरणाचा दुरुपयोग म्हणजे हाच. अन्नसंहितेच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे कोडेक्सच्या विकिरित अन्नाविषयीच्या मानकात, हे स्वच्छ लिहिले आहे की ही प्रक्रिया चांगल्या आरोग्यपद्धतींच्या आणि चांगल्या उत्पादनपद्धतींच्या जागी वापरू नये. व्यवहारात मी त्यासाठी एक साधी कसोटी वापरतो: प्रक्रियेपूर्वीचा तपासणी अहवाल गिऱ्हाइकाला दाखवायला मालक तयार आहे का? चांगल्या मालातही जंतू असतात, तो आकडा दाखवायला कोणी लाजत नाही. अहवालच न काढण्याकडे कल दिसला, किंवा ‘आधी कशाला, नंतरच तपासू’ असे ऐकू आले, की तेथे प्रक्रियेचा उपयोग संरक्षणासाठी होत नसून सफाईचा खर्च वाचवण्यासाठी होतो आहे असे मी समजतो. आपल्या गटाने मिरची ताडपत्रीवर किंवा उंच मांडवावर वाळवणाऱ्या शेतकऱ्याकडून घेतली, देठ काढले, फटकी वेचून टाकली, ओलावा मोजला आणि त्यानंतर विकिरण केले, तर ती शेवटची खबरदारी झाली. यातले काहीच न करता थेट केंद्र गाठले, तर पाकिटावर चिन्ह छापूनही मी त्याला प्रामाणिक म्हणणार नाही.

आता पाकिटावरच्या उल्लेखाकडे वळतो. कायद्याचे उत्तर सोपे आहे. भारतात विकिरित अन्नाच्या वेष्टनावर ‘विकिरणाने प्रक्रिया केलेले’ या अर्थाची घोषणा, ठरावीक हिरवे चिन्ह, प्रक्रियेची तारीख, केंद्राचा परवाना क्रमांक आणि प्रक्रियेचा हेतू हे सर्व द्यावे लागते. युरोपीय संघात तर मिश्र पदार्थातला एखादाच घटक, तोही अगदी थोडा, विकिरित असला तरी घटकांच्या यादीत तसे लिहिणे बंधनकारक आहे. म्हणजे नुसती मिरची आणि धने विकिरित असले तरी आपल्या मसाल्याच्या पाकिटावर ते आलेच पाहिजे. शिवाय प्रक्रिया करणारे केंद्र युरोपीय संघाने मान्य केलेल्या यादीतले असावे लागते, आणि मसाल्यांना मिळणारी एकूण सरासरी मात्रा दहा किलोग्रेच्या आत असावी लागते. भारतीय नियमांत मसाल्यांतील जंतू कमी करण्यासाठी सहा ते चौदा किलोग्रे अशी मुभा आहे. इथल्या नियमात बसलेला माल तिथे बेकायदा ठरू शकतो, हे निर्यातदाराला ठाऊक असायला हवे.

‘छापले नाही तर कळणार कोणाला?’ याचे उत्तर मजेशीर आहे. मिरचीला चिकटलेल्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. किरणांची ऊर्जा या कणांच्या स्फटिकांत अडकून राहते, आणि प्रयोगशाळेत ते कण वेगळे करून तापवले की ती ऊर्जा क्षीण प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. जर्मनीतल्या तपासणी प्रयोगशाळा ही पद्धत नेहमी वापरतात. मालाची धूळच मालाविरुद्ध साक्ष देते. पकडले गेल्यास कंटेनर अडतो आणि तोटा निर्यातदाराच्या बरोबरीने आपल्या गटाला होतो, कारण उत्पादक म्हणून नाव आपले असते.

पण समजा पकडले जाण्याची शक्यता शून्य आहे. तरीही सांगावे का? या प्रश्नावर माझ्या क्षेत्रातले अनेक जण म्हणतात की जे निर्धोक आहे त्याचा इशारा देऊन भीती का पसरवायची. अमेरिकेचा नियमही काहीसा याच बाजूला झुकतो. तेथे मिश्र पदार्थातल्या विकिरित मसाल्याचा उल्लेख सक्तीचा नाही. मला हा युक्तिवाद पटत नाही. आपल्याकडे प्रत्येक शाकाहारी पाकिटावर हिरवा ठिपका असतो. अंडे घातलेले बिस्कीट शरीराला अपायकारक आहे म्हणून तो ठिपका नसतो. खाणाऱ्याला आपण काय खातो हे ठरवण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी त्याने वैज्ञानिक कारण देण्याची गरज नाही, हे आपण मान्य केले आहे म्हणून असतो. विकिरणाबाबत कोणाचा आक्षेप भीतीतून येईल, कोणाचा अणुऊर्जेला असलेल्या तात्त्विक विरोधातून येईल. हा दुसरा आक्षेप अडाणीपणाचा नाही. कोबाल्ट-६० अणुभट्टीत तयार होतो, आणि वापरून झालेले स्रोत सांभाळणे ही दीर्घकाळाची जबाबदारी असते. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठातले जुने संशोधन उपकरण भंगारात गेले, त्यातल्या कोबाल्टने भंगार बाजारातल्या एका कामगाराचा जीव घेतला आणि इतरांना गंभीर इजा झाली. ते उपकरण अन्नासाठीचे नव्हते आणि अन्नकेंद्रांवरची देखरेख कितीतरी कडक असते. तरीही जोखीम कोणाच्या वाट्याला येते हे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘तुला विज्ञान कळत नाही’ असे सांगून गप्प करता येत नाही. माहिती लपवली की त्याचा तो प्रश्न विचारण्याचा मार्गच बंद होतो.

आणि चिन्ह पाहून गिऱ्हाईक पळतेच असेही नाही. लासलगावच्या केंद्राला अमेरिकेची मान्यता मिळाल्यावर २००७ पासून आपला आंबा तेथे विकिरित होऊनच जाऊ लागला. चारशे ग्रे एवढ्या लहान मात्रेने कोयकिड्याचा आणि फळमाशीचा बंदोबस्त होतो आणि खोक्यावर चिन्ह असते. तिथली मराठी मंडळी ते चिन्ह असलेली हापूसची पेटी उचलतातच. आंब्याची ओढ मसाल्याला मिळेल का, हे मात्र आपला मसाला कसा आहे यावर अवलंबून आहे.

एक बारीक मुद्दा राहिला. आपल्या सध्याच्या पाकिटावर ‘नैसर्गिक’ किंवा ‘सेंद्रिय’ असे काही छापलेले असेल तर ते तपासा. प्रमाणित सेंद्रिय मालाला विकिरण वर्ज्य आहे, आणि प्रमाणपत्र नसतानाही विकिरित मिरचीचा मसाला ‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणून विकणे मला दिशाभूल वाटते. ‘घरगुती’ म्हणायला माझी हरकत नाही. तो तुमच्या हातांविषयीचा दावा आहे आणि खरा आहे.

निर्यातदाराला पत्राने, तोंडी नव्हे, पुढील गोष्टी विचारा: माल कोणत्या केंद्रात जाणार आणि ते युरोपीय संघाच्या यादीत आहे का; मात्रा किती आणि तिचे प्रमाणपत्र लॉट क्रमांकासह आपल्याला मिळणार का; लॉट तपासणीत नापास झाला तर पुढे काय. शेवटच्या प्रश्नाला ‘पुन्हा एकदा फिरवून घेऊ’ असे उत्तर आले तर सावध व्हा, कारण अशा मालावर दुसऱ्यांदा प्रक्रिया करायला नियमांची परवानगी नाही. खोक्यावरची पिवळ्याची लाल होणारी चिकटपट्टी म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. खोका किरणांसमोरून गेला एवढेच ती सांगते, मात्रा सांगत नाही. मात्रा खोक्यांत ठेवलेल्या मापकांवरून कळते आणि तो कागद वेगळा असतो. दरम्यान या हंगामातल्या मिरचीचा आणि धन्याचा प्रत्येकी एक नमुना, प्रक्रियेआधीच, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत साल्मोनेला आणि अफ्लाटॉक्सिन या दोन्हींसाठी द्या. साल्मोनेला निघाला तर विकिरणाचा विचार करता येईल. अफ्लाटॉक्सिन युरोपच्या मिरचीसाठीच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे अफ्लाटॉक्सिनच्या बी-१ या प्रकारासाठी किलोमागे पाच मायक्रोग्रॅम आणि सर्व प्रकार मिळून दहा, याहून जास्त निघाले तर तो लॉट जर्मनीला पाठवू नका. त्यावर कोणत्याच केंद्रात इलाज नाही. आणि पाकिटावर उल्लेख न करण्याची अट निर्यातदार सोडत नसेल, तर ही मागणी नाकारा आणि दुसरा निर्यातदार शोधा.